घामावरचें पाणी

ज्या घरांत आम्ही लहानाचे मोठे झालों त्या घरांत कांहीं आज्ञा अशा असत कीं, त्यांचें कारण विचारण्याची कोणाची छाती होत नसे. रात्रीं नखें काढूं नयेत, तिन्हीसांजा केर काढूं नये, आणि घामाघूम अंगावर पाणी घेऊं नये. पहिल्या दोन आज्ञा विजेच्या दिव्यांबरोबर मावळल्या. तिसरी मात्र अजून जिवंत आहे. उन्हांतून आलेल्या माणसाला आधीं सावलींत बसवावें, त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवावा, घाम निथळूं द्यावा आणि मग पाण्याचा तांब्या पुढें करावा. स्नानाची गोष्ट तर त्यानंतरही अर्ध्या तासानें. ही आज्ञा मोडली तर काय होतें याविषयीं घरोघरीं मतें निराळीं. कोणी म्हणे ताप भरतो, कोणी म्हणे सांधे धरतात, आणि आमच्या भंडाऱ्याकडे सांगितली जाणारी शिक्षा सर्वांत भयंकर, ती म्हणजे अंगावरून वारें जातें.

तालमींतही हाच कायदा होता. आखाड्यांतून वर आलेल्या पोरानें लगेच विहिरीकडे धाव घेतली तर वस्ताद त्याला मानगूट धरून परत आणीत. घाम अंगांतच जिरवायचा, अंगाला तांबडी माती चोळायची, श्वास ठिकाणावर आला कीं मग न्हायचें. मातीनें अंग हळूहळू निवतें हें खरें. पण वस्तादांना त्याच्या कारणमीमांसेंत रस नव्हता. त्यांच्या वस्तादांनीं तसें केलें होतें, एवढें त्यांना पुरे होतें.

आतां नव्या पिढीनें याच्या अगदीं उलट आज्ञा स्वतःस घालून घेतली आहे. गांवाबाहेर आमचें एक मोकळें मैदान आहे. पहाटे पांचला आणि पुन्हां संध्याकाळीं तेथें शंभर-सव्वाशें मुलगे-मुली पळत असतात. यांतला एकही केवळ हौसेनें पळत नाहीं. पोलिसभरतींत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळावें लागतें. शिवाय १०० मीटरची धांव आणि गोळाफेक. घरची धानाची शेती दोन-तीन एकरांची, वाटण्या होऊन तेवढीही राहिलेली नाहीं. तेव्हां त्या १६०० मीटरांतले पांच-दहा सेकंद म्हणजे एका घराच्या पुढल्या तीस वर्षांचा प्रश्न असतो. हें लक्षांत घेतल्यावांचून त्या मुलांची कोणत्याही बाबतींत थट्टा करूं नये.

मैदानाच्या कडेला, कडुनिंबाखालीं, गुरांना पाणी पाजण्याचा एक जुना सिमेंटचा हौद आहे. माणूस पाय पसरून बसेल इतका लांब, आणि बसलेल्या माणसाच्या छातीपर्यंत पाणी येईल इतका खोल. दोन वर्षांपूर्वीं मुलांनीं तो घांसून स्वच्छ केला, बोअरच्या पाण्यानें भरला, आणि मासळीबाजारांतून बर्फाची लादी आणून त्यांत सोडली. सराव संपला कीं एकेक जण त्यांत उतरूं लागला. दांतावर दांत आपटत आहेत, ओठ जांभळे पडले आहेत, भोंवतीं मित्र मोबाइलवर मिनिटें मोजीत आहेत. दहा मिनिटें पुरीं झालीं कीं तो विजयी मुद्रेनें बाहेर येतो. माझा पुतण्या या मंडळींत अग्रभागीं. त्याला मीं विचारलें, हा उपद्व्याप कशासाठीं? तो म्हणाला, "काका, बर्फानं लॅक्टिक ॲसिड निघून जातं. मोठमोठे खेळाडू रोज बसतात. तुम्हांला पटत नसेल तर व्हिडिओ दाखवतो."

व्हिडिओ मीं पाहिला नाहीं. माझा विषय इंग्रजी वाङ्मय. शरीरशास्त्राशीं माझा नित्याचा संबंध ब्लडप्रेशरच्या गोळीपुरता. तथापि महाविद्यालयांत राहण्याचा एक फायदा असा कीं, आपणांस जें येत नाहीं तें येणारा मनुष्य दोन खोल्या पलीकडे बसलेला असतो. त्या शेजाऱ्यांच्या मदतीनें मीं या विषयावरचे कांहीं मूळ निबंध वाचले. इंग्रजी शिकल्याचा एवढा तरी उपयोग करावा!

पहिली गोष्ट ही कीं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं जें अंग ठणकतें त्याचा लॅक्टिक ॲसिडशीं संबंध नाहीं. तें द्रव्य पळणें थांबल्यावर तासा-दीड तासांत रक्तांतून आपोआप ओसरतें. मग बर्फांत बसा कीं वडाखालीं बसा. दुसऱ्या दिवसाचा ठणका असतो तो स्नायूंच्या तंतूंना पडलेल्या सूक्ष्म चिरांचा, आणि त्या सांधण्यासाठीं शरीरानें काढलेल्या दुरुस्तीच्या कामाचा. थंड पाणी त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आंवळतें, मज्जातंतूंचा वेग मंद करतें, आणि त्यामुळें ठणका बोथटतो. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनें २०१२ सालीं या विषयावरचे १७ लहान प्रयोग एकत्र तपासले. त्यांत मिळून ३६६ माणसें होतीं. नुसतें पडून राहण्यापेक्षां थंड पाण्यांत बसलेल्यांचें अंग पुढले तीन-चार दिवस कमी दुखलें, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे मुलें सर्वस्वीं भ्रमांत आहेत असें म्हणण्याची सोय नाहीं.

परंतु दुखणें कमी होणें आणि शक्ति परत येणें या दोन गोष्टी एक नव्हेत. मेलबर्नच्या संशोधकांनीं २०१४ सालीं एक मोठी गमतीची युक्ति केली. दमछाक करणाऱ्या व्यायामानंतर कांहीं तरुणांस त्यांनीं थंड पाण्यांत बसविलें, कांहींना कोमट पाण्यांत, आणि राहिलेल्यांना कोमट पाण्यांतच. पण त्या पाण्यांत एक द्रव टाकून सांगितलें कीं, हें श्रमपरिहाराचें खास नवें औषध आहे. तो द्रव म्हणजे तोंड धुण्याचें साधें द्रावण होतें! तें औषध मानून बसलेल्यांच्या पायांतली ताकद थंड पाण्यांत बसलेल्यांइतकीच परत आली, आणि नुसत्या कोमट पाण्यांत बसलेले मागें राहिले. बर्फाचा निदान कांहीं गुण बर्फांत नसून बसणाराच्या श्रद्धेंत असतो, असा याचा अर्थ. श्रद्धेनें आलेली ताकद खोटी असते असें मी म्हणत नाहीं. पण तिच्यासाठीं रोज एक लादी विकत घ्यावी लागूं नये.

दुसरा प्रयोग याहून गंभीर आहे. तोही ऑस्ट्रेलियांतलाच, २०१५ सालीं प्रसिद्ध झालेला. एकवीस तरुणांकडून बारा आठवडे, आठवड्यांतून दोनदां, पायांच्या शक्तीचा व्यायाम करून घेतला. दर वेळीं व्यायामानंतर एक गट १० अंश सेल्सिअसच्या पाण्यांत दहा मिनिटें बसे. दुसरा तेवढाच वेळ जागच्या जागीं सायकल सावकाश फिरवी. बारा आठवड्यांनंतर पाहतात तों थंड पाण्यांत बसलेल्यांच्या स्नायूंचा भार आणि शक्ति हीं दोन्ही दुसऱ्या गटापेक्षां कमी वाढलेलीं! व्यायामामुळें स्नायूंत जे वाढीचे व्यापार सुरू व्हावयाचे, त्यांवरच थंडीनें पाणी पडलें होतें.

हें मीं पुतण्याला आमच्या भाषेंत सांगितलें. आषाढांत धानाचे पऱ्हे उपटून बांधींत रोवतात. उपटतांना मुळें तुटतात. रोवणीनंतर चार-आठ दिवस सारी बांधी पिंवळी पडून मान टाकते. अनोळखी मनुष्याला वाटावें, पीक गेलें. शेतकरी मात्र निश्चिंत असतो, कारण त्या पिंवळेपणांतच नवीं मुळें फुटत असतात. त्या आठ दिवसांत पऱ्ह्याला दुःख होऊं नये म्हणून कोणी मुळें फुटण्याचेंच थांबवील काय? पुतण्या हंसला. पण गोळाफेकीचा सराव असेल त्या दिवशीं हौदांत बसण्याचें त्यानें सोडलें, हें मी नमूद करून ठेवतों.

धांवण्याच्या दमाला या थंडीनें तितकासा अपाय झालेला दिसत नाहीं, हेंही मीं त्याला प्रामाणिकपणें सांगितलें. शिवाय दुखणें कमी होणें हाच हेतु असतो असेही प्रसंग आहेत. दिवाळीनंतर झाडीपट्टींत गांवोगांव मंडई भरते, कबड्डीचे सामने होतात. एकाच संघाला दोन दिवसांत चार-चार सामने खेळावे लागतात. तेथें पुढल्या महिन्यांत स्नायु किती वाढेल याची फिकीर कोणाला? उद्यां सकाळीं मांडी उचलली म्हणजे झालें. अशा वेळीं खेळाडू गार पाण्यांत बसला तर त्याला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. रोजचा सराव आणि सामन्याचा दिवस यांत भेद करावा, एवढेंच.

येथें एक शंका मनांत आली. संशोधक ज्याला थंड पाणी म्हणतात तें १० ते १५ अंशांचें. आमच्या मुलखांत असलें पाणी असतें तरी कोठें? भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेंतून मीं एक थर्मामीटर मागून आणला आणि वर्षभर तो खिशांत बाळगला. घरच्या विहिरीचें पाणी पौषांतल्या पहाटे २६ अंश भरलें आणि वैशाखांतल्या दुपारीं २७. म्हणजे विहीर हिंवाळ्यांत ऊन आणि उन्हाळ्यांत गार असते असें जें आपण म्हणतों, तो सारा आपल्या कातडीचा निवाडा. विहीर बिचारी आहे तेथेंच असते, बदलते ती भोंवतालची हवा. कारण खोल जमिनीचें तपमान त्या प्रदेशाच्या वर्षाच्या सरासरीपाशीं स्थिर राहतें. जानेवारींतल्या सूर्योदयापूर्वीं वैनगंगेचें पाणी १९ अंश होतें आणि कांठावरची हवा ११. नदीवर वाफा दिसतात त्या यामुळेंच. ज्या कार्तिकस्नानाच्या कडाक्याचें आपण एवढें कौतुक करतों त्यांत पाण्यांत शिरणें सोपें असतें. खरी कसोटी बाहेर येऊन ओलेत्यानें उभें राहण्यांत आहे.

तेव्हां आपल्या आजोबा-पणजोबांनीं ज्या थंड पाण्याची धास्ती घेतली तें या संशोधकांचें थंड पाणी नव्हतेंच. खरें थंड पाणी आमच्याकडे आलें तें बर्फाच्या कारखान्याबरोबर. सहकारी प्राध्यापकांनीं फळ्यावर हिशेब मांडून दाखविला: तीनशें लिटर पाणी २७ अंशांवरून १२ वर आणण्यास सुमारें पन्नास किलो बर्फ लागतो. मुलांची लादी तेवढीच असते. म्हणजे हौदांतलें पाणी थेट मेलबर्नच्या जातीचें झालें. आणि त्याबरोबर तिकडचे धोकेही आले.

धोका थंडपणांत आहे त्याहून अधिक एकदम उतरण्यांत आहे. १५ अंशांखालच्या पाण्यांत एकाएकीं शिरलेल्या माणसाच्या छातींतून आपोआप एक मोठा हुंदका निघतो. तो आवरणें त्याच्या हातीं नसतें. त्यानंतर श्वास भराभर चालूं लागतो, नाडी धांवते, रक्ताचा दाब एकदम चढतो. पहिल्या अर्ध्या मिनिटांत हा झटका सर्वांत तीव्र असतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. हुंदक्याच्या क्षणीं तोंड पाण्याखालीं असेल तर उत्तम पोहणाराही बुडतो. त्यांतून डोकेंही पाण्यांत घातलें तर निराळीच आफत: चेहऱ्याला लागलेली थंडी हृदयाला हळू चाल म्हणून सांगते आणि अंगाला लागलेली थंडी धांव म्हणून सांगते. एकाच बैलाला दोन धुरकरी विरुद्ध दिशांनीं हांकूं लागले तर जें होईल तें हृदयाचें होतें. निरोगी तरुण यांतून बहुधा सुखरूप निभावतो. पण ज्याच्या हृदयांत एखादा अज्ञात दोष आहे, किंवा जो माझ्यासारखा चोपन्न वर्षांचा असून रोज दाबाची गोळी घेतो, त्यानें हा खेळ करूं नये.

घामाजलेल्या अंगानें थंड पाण्यांत उडी घेतल्याचें इतिहासांतलें सर्वांत गाजलेलें उदाहरण शिकंदराचें. इसवी सनापूर्वीं ३३३ सालीं, टार्ससपाशीं, कूच करून तापलेल्या अंगानें तो सिडनस नदीच्या बर्फगार पाण्यांत उतरला. त्याला पेटके आले, ताप भरला आणि तो मरणाच्या दारीं जाऊन पोंचला. फिलिप नांवाच्या वैद्यानें त्याला वांचविलें. त्या वैद्यानें शत्रूकडून लांच घेतल्याचें कळविणारें पार्मेनियोचें पत्र एका हातानें वैद्यालाच वाचावयास देऊन, दुसऱ्या हातानें शिकंदरानें त्याचें औषध घेतलें, ही कथा शाळेंत असतांना आपण वाचलेली असते. दुखणें नदीमुळें आलें कीं निवळ श्रमामुळें, याबद्दल जुन्या इतिहासकारांतच दुमत होतें. ॲरियननें दोन्ही मतें नोंदविलीं आहेत. मला विशेष वाटतें तें हें कीं, चरकसंहितेच्या निदानस्थानांत कुष्ठाचीं कारणें सांगतांना नेमका हाच प्रसंग आला आहे: भय, श्रम किंवा ताप यांनीं पीडलेल्या माणसानें थंड पाण्यांत ‘सहसा’ उतरणें. कुष्ठाशीं जोडलेला संबंध आजचा वैद्य मानणार नाहीं. तो शब्द मात्र त्यालाही मानावा लागेल. संस्कृतांतल्या ‘सहसा’चा अर्थ एकाएकीं. मराठींत येतांना तो कसा कोणास ठाऊक ‘बहुतकरून’ असा झाला. घरोघरच्या त्या आज्ञेचेंही असेंच कांहीं झालें असावें, असें मला वाटतें: मूळ ताकीद एकाएकीं उतरण्याविरुद्ध होती, एकाएकीं हा शब्द वाटेंत गळाला आणि थंड पाण्याविरुद्धची सरसकट मनाई तेवढी उरली.

आपल्या नदीकांठचे घाट पाहा. पवनीला वैनगंगेवर ते जितके सुंदर तितकेच शहाणे आहेत. पायरीवर उभें राहून आधीं पाय बुडतात, मग गुडघे. ओंजळभर पाणी डोक्यावर, थोडें मानेवर. मग कमरेपर्यंत, आणि शेवटीं बुडी. एवढ्या अवधींत तो पहिला झटका येऊन गेलेला असतो. रोमच्या सेनेकाला थंड पाण्याचा भारी अभिमान. वर्षाच्या पहिल्या दिवशीं तो व्हर्गो कालव्याच्या गार पाण्यांत उडी घेई. पण म्हातारपणच्या एका पत्रांत तो सांगतो कीं, आधीं आपण कालवा सोडून टायबर नदीवर आलों, आणि आतां उन्हानें तापलेल्या घरच्या टाक्यावर आलों आहों. मीही पोहण्याची नदी सोडून न्हाणीघरांतल्या बादलीवर आलों आहें. तत्त्वज्ञाची संगत घडली एवढेंच समाधान! शिवाय गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यानें आतां वैनगंगेचें पात्र पूर्वीसारखें उथळ राहिलेलें नाहीं. व्यायामानें थकलेल्या हातापायांनीं त्या खोल पाण्यांत उतरूं नये, मग तें गार असो कीं ऊन.

येथवर मी तोल सांभाळून लिहिलें आहे. पुढें लिहावयाचें आहे तेथें तोल सांभाळण्याचें कारण नाहीं.

२०२४ च्या एप्रिलांतली संध्याकाळ. साडेपांच वाजले होते आणि हवा एक्केचाळीस अंशांवर होती. मी मैदानाच्या कडेनें नेहमींप्रमाणें फेरी मारीत होतों. १६०० मीटरची वेळ लावून धांव चालू होती. एक मुलगा, वय एकोणीस-वीस, शेवटल्या फेरींत झोकांड्या खाऊं लागला. सोबत्यांना वाटलें, जीव तोडून पळतो आहे. त्यांनीं टाळ्या वाजविल्या. रेषेच्या अलीकडे तो पडला. आम्ही जवळ गेलों तेव्हां तो कांहींतरी असंबद्ध बडबडत होता, मला मामा म्हणून हांक मारीत होता, आणि पाणी पुढें केलें तर हात झटकीत होता. अंग घामानें भिजलेलें. पण हात लावला तर तव्यासारखें तापलेलें.

पन्नास पावलांवर बर्फाचा हौद होता. दोघां-तिघां मुलांनीं त्याला उचललें आणि तिकडे नेऊं लागले. तोंच जमलेल्या मोठ्या माणसांतून ओरड झाली: "गरम अंगावर थंड पाणी टाकूं नका! लकवा मारेल पोराला!" एकानें तर हौदासमोर आडवे हात धरले. कोणी कांदा हुंगवा म्हणे, कोणी पन्हें पाजा म्हणे, कोणी आधीं सावलींत घाम निथळूं द्या म्हणे. मुलें गोंधळलीं. रोज त्याच पाण्यांत हंसत-खिदळत बसणारीं तीं पोरें, खरी गरज आली त्या क्षणीं, आजीच्या आज्ञेपुढें थबकलीं. वडील माणसांचा हेतु वाईट नव्हता. त्या ओरडण्यांत मायाच होती. पण त्या मायेनें दोन-तीन मिनिटें खाल्लीं, आणि त्या मुलापाशीं मिनिटें मोजकींच होतीं.

लष्करांतून निवृत्त झालेले एक सुभेदार मुलांना धांवण्याचें शिकवीत असत. ते मैदानाच्या दुसऱ्या टोंकाहून धांवत आले. त्यांनीं वाद घातला नाहीं. आडवा हात बाजूला केला, मुलाचे बूट काढले आणि त्याला हौदांत निजविलें. काखांखालून एक लांब टॉवेल घालून त्याचीं टोंकें दोघांच्या हातीं दिलीं, म्हणजे डोकें पाण्याखालीं जाऊं नये. उरलेल्यांना हातांनीं पाणी ढवळत राहावयास सांगितलें. "१०८ ला फोन करा," ते म्हणाले, "पण गाडी आली तरी हा थंड झाल्याशिवाय मी देणार नाहीं." पांच मिनिटें गेलीं, आठ गेलीं. बडबड थांबली. दहा-बारा मिनिटांनीं तो कुडकुडूं लागला, डोळे उघडले, आणि सुभेदारांकडे पाहून म्हणाला, "सर, टायमिंग किती आलं?" कोणी हंसलें नाहीं. गाडी आली ती पंचविसाव्या मिनिटाला. दोन दिवसांनीं तो घरीं गेला. सहा आठवडे त्याला पळण्याची मनाई होती.

सुभेदारांनीं केलें तेंच आजचें शास्त्र सांगतें. श्रमानें आलेल्या उष्माघातांत शरीराचें आंतलें तपमान ४० अंशांच्या वर जातें आणि मेंदू भांबावतो. घाम सुकलेलाच असतो असें नाहीं. तें तपमान अर्ध्या तासाच्या आंत खालीं आणलें तर मनुष्य बहुधा वांचतो. त्यापुढें यकृत, मूत्रपिंडें, मेंदू यांना एकेक करून इजा होत जाते. पाणी हवेच्या सुमारें चोवीस पट वेगानें उष्णता वाहून नेतें. बर्फाच्या ढवळलेल्या पाण्यांत शरीर मिनिटाला सुमारें ०.२ अंश निवतें. पंखा, ओलें फडकें, सावली यांना तो वेग साधत नाहीं. थंडीनें त्वचेच्या रक्तवाहिन्या आंवळून उष्णता आंतच कोंडली जाईल, ही भीति पूर्वीं डॉक्टरांनाही वाटे. अनुभवानें ती खोटी ठरली. अमेरिकेंत फालमाउथ येथें दर ऑगस्टांत सात मैलांची एक शर्यत होते. तेथें अठरा वर्षांत अशा उष्माघाताचे २७४ रोगी झाले. सर्वांना जागच्या जागीं बर्फाच्या पाण्यांत बुडविलें आणि २७४ च्या २७४ वांचले. आधीं थंड करा, मग दवाखान्यांत न्या, असा आतां जगभर नियम झाला आहे. लकवा कोणाला मारला नाहीं.

एकाच हौदांतल्या एकाच पाण्याचे हे असे तीन गुण. थकलेल्या तरुणाला तें थोडा आराम देतें आणि त्याच्या मेहनतीचा थोडा वांटा कापून घेतें. माझ्यासारख्याला तें धोक्याचें. आणि जो उष्म्यानें पडला आहे त्याला दुसरा उपाय नाहीं. म्हणून हौदांत कोण बसतो याची मला आतां फारशी चिंता वाटत नाहीं. उन्हाळ्यांत बर्फ मैदानावर आहे कीं नाहीं, याची वाटते.

त्या प्रकारानंतर सुभेदारांनीं कांहीं नियम केले. फाल्गुन संपला कीं संध्याकाळचा सराव साडेसहानंतर. ज्याला आदल्या दिवशीं ताप होता त्यानें पळावयाचें नाहीं. त्या मुलाला होता, हें मागाहून कळलें. आराम म्हणून बसावयाचें असेल तर साधें बोअरचें पाणी. आधीं पाय, मग मांड्या, डोकें कधींच नाहीं, आणि एकट्यानें कधींच नाहीं. लादी मात्र हौदाशेजारीं भुशांत पुरून ठेवावयाची, सर्वांचा सराव संपेपर्यंत फोडावयाची नाहीं. लांब टॉवेल कडुनिंबाच्या खुंटीला टांगलेला. लादीची वर्गणी वाढली तेव्हां ज्यांनीं देण्याचें कबूल केलें त्यांत तो आडवा हात धरणारा गृहस्थही होता. तो अजून म्हणतो कीं, पोराचें नशीब बलवत्तर म्हणून लकवा टळला. पण पैसे वेळेवर देतो.

२०२५ चा सबंध उन्हाळा त्या बर्फांत कोणाला निजवावें लागलें नाहीं. सराव संपला कीं मुलें लादीवरचा भुसा झाडीत, उरलासुरला तुकडा हौदांत टाकीत, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं गुरें तें पाणी पिऊन जात.